आठ डाव, 774 धावा. मग सरासरी 154.80 कशी?

प्रश्न : सुनील गावसकरांनी 1971च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात आठ डावांत 774 धावा केल्या. आठाने भागल्यास 96.75 येतात, परंतु सरासरी 154.80 छापली जाते. ही छपाईची चूक आहे का? आणि हा विक्रम अद्याप अबाधित आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चूक नाही. फलंदाजीची सरासरी काढताना धावांना डावांच्या नव्हे, तर बाद होण्याच्या संख्येने भागतात. गावसकरांचे डाव असे होते : पोर्ट ऑफ स्पेनला 65 व नाबाद 67, जॉर्जटाउनला 116 व नाबाद 64, ब्रिजटाउनला 1 व नाबाद 117, आणि पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला 124 व 220. तीनदा ते नाबाद राहिल्यामुळे भाजक पाच उरतो. बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी हुकली असताना, पदार्पणाच्याच मालिकेत चार सामन्यांत त्यांनी हे केले, याचे आम्हाला सरासरीपेक्षाही अधिक अप्रूप वाटते.

एका मालिकेतील भारतीय फलंदाजाच्या सर्वाधिक धावांचा हा विक्रम टिकून आहे. 2025मध्ये इंग्लंडमध्ये शुभमन गिल 754 धावांपर्यंत पोहोचला, परंतु त्याला पाच कसोटींतील दहा डाव मिळाले होते. जागतिक उच्चांक मात्र डॉन ब्रॅडमन यांचा आहे : 1930मध्ये इंग्लंडविरुद्ध सात डावांत 974.

जाता जाता, अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली 1-0 ने जिंकलेल्या त्याच मालिकेत मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी 642 धावा केल्या होत्या. गावसकरांच्या झळाळीत त्या उगाचच झाकोळल्या जातात.