मॅडम, हे वर्गात सांगाल का?

समुपदेशनासाठी पहिल्यांदाच आलेल्या बाईंनी दारातूनच विचारलं, "तुम्ही कॉलेजात शिकवता ना? मग माझंही वर्गात सांगाल."

वडोदऱ्यातल्या मराठी माणसांत ही भीती मला वरचेवर भेटते, आणि ती खोटी नाही. दांडिया बाजारात सकाळी कुणाकडे काय झालं ते संध्याकाळी रावपुऱ्यात माहीत असतं. त्यात मी समुपदेशन करते, शिकवते आणि संशोधनही करते. म्हणजे ऐकणारे कान दोन, तर बोलायच्या जागाही दोन!

शिकवायला लागले त्या वर्षी मी चुकले होते. नाव बदलून एका बाईंचं उदाहरण वर्गात सांगितलं. तास संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "त्या आमच्या समोरच्या काकू ना? पेटी शिकवतात त्या." नाव बदललं, पेटी तशीच राहिली होती. तेव्हापासून चार हकिकती मोडून मी पाचवी रचते. आणि स्वतःकडे येणाऱ्यांना संशोधनात घेत नाही. जिच्यासमोर रडलो, तिनेच फॉर्म पुढे केला तर "नको" कोण म्हणेल?

हे दारातून विचारणाऱ्या त्या बाईंना सांगितलं. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा त्यांचा हक्क आहे, हेही. अपवादही लपवले नाहीत: कुणाच्या जिवाला धोका दिसला किंवा कोर्टाने मागितलं तर मला गप्प राहता येत नाही, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. अपवाद ऐकून त्या बिचकतील असं वाटलं होतं. उलट खुर्चीत नीट टेकून बसल्या.

तरी दोन भेटी नुसतं "झोप लागत नाही" एवढंच. तिसऱ्या भेटीत एकदम बोलल्या. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या गेल्या तेव्हा यांच्या मनात आलं, 'सुटले.' सासूबाई नव्हे, मी सुटले. तेराव्याला जो तो यांच्या सेवेचं कौतुक करत होता आणि यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

दुःख आणि सुटका एकाच वेळी वाटू शकते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. त्यांना ते सांगितलं, पण नंतर. आधी विचारलं, "या नऊ वर्षांत सलग झोप किती रात्री मिळाली?"

त्या बराच वेळ बोटं मोजत राहिल्या.

भेटी संपून वर्ष झाल्यावर हा मजकूर त्यांना वाचून दाखवला. ओळखीच्या खुणा बदलल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "अजून एक काढा. शेवटच्या भेटीला मी जे करून आणलं होतं ना, त्यावरून नणंद ओळखेल."

काढलं.