थंडीत गॅरेजमधला फ्रीझर वितळतो कसा?

प्रश्न: स्वयंपाकघरात नवा फ्रिज आला म्हणून जुना गॅरेजमध्ये ठेवलाय, वर फ्रीझर आणि खाली फ्रिज असा दोन दारांचा. उन्हाळाभर मस्त चालला पण थंडी वाढली तसं फ्रीझरमधलं सगळं मऊ पडायला लागलं, आइस्क्रीमचं तर पाणी झालं. खालचा कप्पा मात्र गार आहे. कॉम्प्रेसरचा आवाज तासन्‌तास येत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस संपलाय, भरायला लागेल. फ्रीझरचा नॉब फुल करून बघितला, काही फरक नाही. बाहेर एवढी थंडी असताना फ्रीझर वितळतोच कसा?

उत्तर: आधी ते गॅस भरणं थांबवा. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, तो वापरून संपत नाही, गेला तर गळतीनेच जातो, आणि गॅस कमी झाला की सहसा कॉम्प्रेसर सारखा चालू राहतो तरी गार होत नाही. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे, कॉम्प्रेसर गप्प बसलाय. म्हणजे त्याला चालू हो असं कोणी सांगतच नाहीये.

सांगायचं काम थर्मोस्टॅटचं, आणि अशा बऱ्याच फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर एकच, थर्मोस्टॅटही एकच आणि तो असतो खालच्या कप्प्यात. खाली साधारण ४ डिग्री ठेवायचे एवढंच त्याला कळतं. एरवी बाहेरची उष्णता भिंतींमधून आत झिरपते, खालचा कप्पा जरा गरम होतो, कॉम्प्रेसर सुरू होतो आणि त्याच फेरीत फ्रीझरही गार होतो. आता गॅरेजच ३-४ डिग्रीवर आलं तर खाली गरम व्हायला कारणच उरत नाही, थर्मोस्टॅट म्हणतो सगळं ठीक आहे, आणि वर मायनस १८ ला असायला हवा तो फ्रीझर हळूहळू गॅरेजच्याच तापमानाला येतो. म्हणून वितळतं. तुम्ही फिरवला तो फ्रीझरचा नॉब बऱ्याच मॉडेलमध्ये वरची हवा खाली सोडणारी नुसती झडप असते, कॉम्प्रेसर त्याने सुरू होत नाही. खालचा नॉब जास्त गारवर केला तर थोडा फरक पडेल, कडाक्याच्या थंडीत तोही नाही.

खात्री करायची असेल तर तीन थर्मामीटर घ्या, एक खाली पाण्याच्या ग्लासात, एक फ्रीझरमध्ये पाकिटांच्या मधे, एक गॅरेजमध्ये, आणि रात्रभर ठेवून सकाळी आकडे बघा. मग जमलं तर फ्रिज एक-दोन दिवस घरातल्या उबदार खोलीत चालवा (हलवताना आडवा केला असेल तर काही तास उभा ठेवून मगच प्लग लावा). तिथे नीट चालला तर फ्रिजमध्ये बिघाड नाही, जागा चुकली आहे. तिथेही कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, किंवा टिक्‌ आवाज येऊन परत बंद पडत असेल, तर थर्मोस्टॅट, रिले (कॉम्प्रेसरला सुरू करून देणारा छोटा स्विच) वगैरे तपासायला मेकॅनिक बोलवा. आतल्या किंवा मागच्या लेबलवर हवामानाचा वर्गही बघा. एसएन असेल तर १० डिग्रीपर्यंतच्या खोलीत चालेल, एन, एसटी किंवा टी असेल तर १६ च्या खाली नेऊच नये.

प्रश्न: थर्मोस्टॅटजवळ बल्ब लावला किंवा फ्रिजला ब्लँकेट गुंडाळलं तर?

उत्तर: ब्लँकेट अजिबात नको. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्यातून बाहेर टाकतो, तीच कोंडली तर कॉम्प्रेसर तापतो. बल्बची कल्पना चुकीची नाही, थर्मोस्टॅटला थोडी ऊब दिली की तो कॉम्प्रेसर चालू करतो, पण आतल्या ओलाव्यात उघडी वायर आणि प्लॅस्टिकला चिकटलेला गरम बल्ब हे मला मुळीच पटत नाही, शिवाय एलईडीने पुरेशी ऊब येतही नाही. काही कंपन्या याच कामासाठी आपल्या मॉडेलचा छोटा हीटर किट देतात, काही फ्रिजला हिवाळ्याचा स्विचच असतो, तो वापरा. पण गॅरेज शून्याच्या आसपास जात असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल घट्ट होतं, गॅसही थंड भागात साचतो, तिथे किटचाही भरवसा नाही. मग फ्रिज घरात घ्या, नाहीतर थंड जागेत चालेल असं कंपनीने लिहून दिलेला नुसता फ्रीझर घ्या, त्याचा थर्मोस्टॅट फ्रीझरचंच तापमान बघतो.

आणि मऊ झालेलं मांस, मासे, दूध याबद्दल. आत अजून बर्फाचे कण असतील किंवा ४ डिग्रीच्या आत असेल तर पुन्हा गोठवता येतं, नाहीतर टाकून द्या, वास चांगला येतोय म्हणून ठेवू नका. रात्रीच्या थंडीत वितळून दुपारी परत गोठलं तर वरून काही कळत नाही, म्हणून फ्रीझरमध्ये कपभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की समजा मधे वितळलं होतं.