जुना रिफर्बिश्ड (तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला) डेस्कटॉप त्याच किमतीच्या लॅपटॉपपेक्षा अजूनही सरस ठरतो का?

एकाच जागी बसून काम करायचं असेल तर बहुतेक वेळा हो. मुख्य कारण उष्णता. इंटेलचा आय५-८५०० हा डेस्कटॉप प्रोसेसर ६ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), ६५ वॉटचा. त्याच ८व्या पिढीतला लॅपटॉपचा आय५-८२५०यू ४ कोअरचा, १५ वॉटचा. नाव मात्र दोघांचं आय५च! पातळ लॅपटॉप तापला की वेग आपोआप उतरवतो. डेस्कटॉप तासन्‌तास तग धरतो. शिवाय त्यात रॅम सहज वाढवता येते, कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते.

पण ८व्या पिढीच्या मागे जाऊ नका. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची साधारण ८वी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्याहून जुन्यावर लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) मजेत चालतं, तो भाग वेगळा.

हार्ड डिस्क असेल तर सगळ्यात आधी तिच्या जागी एसएसडी (तिच्याहून खूप वेगवान साठवण) टाका. पुढे ग्राफिक्स कार्ड बसवायचा बेत असेल तर चपट्या कॅबिनेटची ऑफिस मॉडेलं टाळा. त्यांचा पॉवर सप्लाय लहान आणि बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचा असतो. आणि हो, मॉनिटर, वेबकॅम, यूपीएस यांचा खर्च हिशेबात धरा.