'प्रभूने मला दाखवलं' असं कोणी म्हणालं तर

प्रिय मुली,

जय ख्रिस्त. तुझं पत्र परवाच मिळालं, पण घाईघाईने उत्तर लिहावं असं ते नव्हतं. तरुण संघातल्या त्या मुलाने प्रार्थनासभा सुटल्यावर तुला बाजूला घेऊन सांगितलं, 'प्रभूने मला दाखवलंय, आपलं लग्न होणार आहे', आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे. मुलगा सालस आहे, उपासना चुकवत नाही, गिटार छान वाजवतो, आणि तुलाही तो थोडाफार आवडतो. हे सगळं तू मोकळेपणाने लिहिलंस, बरं वाटलं. पण शेवटी तू जे विचारलंस तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं: 'मी नाही म्हटलं तर ते त्याला नाही म्हटल्यासारखं होईल की देवाला?'

त्याला. फक्त त्याला. तुझ्या आयुष्याबद्दल देवाला काही सांगायचं असेल तर तो तुलाही सांगेल. तू त्याची लेक आहेस. दुसऱ्याच्या मनात आलेलं तुझ्यावर हुकूम म्हणून लागू होत नाही.

बायबलमधल्या उत्पत्तीचा 24 वा अध्याय काढ. लग्नाच्या बाबतीत देवाने वाट दाखवली म्हणताना आपल्याकडे नेहमी हाच अध्याय पुढे करतात, पण तो पुरता वाचत नाहीत. अब्राहाम आपल्या सेवकाला आपल्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी आणायला पाठवतो. शपथ घालतो, देवदूत तुझ्यापुढे जाईल असंही सांगतो. आणि लगेच म्हणतो, मुलगी यायला राजी नसेल तर तू या शपथेतून मोकळा. ज्याला देवाने प्रत्यक्ष वचन दिलं होतं त्या माणसानेही मुलीच्या नकाराला जागा ठेवली! पुढे विहिरीवर खूण मिळते, मुलीच्या घरचे म्हणतात ही गोष्ट परमेश्वराकडून आहे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी निघायची वेळ आली तेव्हा ते त्या मुलीला, रिबकेला, बोलावून विचारतात, तू या माणसाबरोबर जातेस का? ती स्वतःच्या तोंडाने म्हणते, जाते.

ती खूणसुद्धा नीट बघ. सेवकाने आभाळात काही चमकावं असं मागितलं नव्हतं. माझ्यासकट माझ्या उंटांनाही जी पाणी पाजेल ती, एवढंच त्याने मागितलं. उंट होते दहा. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. झऱ्यावर उतरायचं, घागर भरायची, वर येऊन डोणीत ओतायची, आणि तेही अनोळखी वाटसरूच्या जनावरांसाठी. म्हणजे सेवकाने मागितलेल्या खुणेतून त्या मुलीचा स्वभाव दिसणार होता. तूही त्या मुलात तेच बघ. गिटार हातात नसते तेव्हा तो कसा असतो? सभा संपल्यावर सतरंज्या कोण गोळा करतं? घरी आईशी, बहिणीशी तो कसा बोलतो? त्याच्या मनाविरुद्ध झालं की चेहरा कसा होतो?

एक गोष्ट तू ओझरती लिहून पुढे गेलीस, पण मी तिथे थांबणार आहे. गेले काही आठवडे तुम्ही दोघं रात्री उशिरा फोनवर प्रार्थना करता. यात तुला काही वावगं वाटलं नाही, आणि प्रार्थनेत वावगं काही नाहीच. पण जरा विचार कर. माणूस प्रार्थनेत आपलं सगळ्यात आतलं बोलतो: भीती, पाप, बापाशी न पटणं, नोकरीची काळजी. जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नसतं ते आपण देवाला सांगतो, आणि ऐकायला दुसरा माणूस असतो. त्यातून जी जवळीक तयार होते ती फार झपाट्याने होते. प्रभूच्या सान्निध्याने मन भरून येतं, आणि ते भरून येणं त्या माणसामुळे आहे असं वाटू लागतं. दोन्हीतला फरक मध्यरात्री एकटीला कळत नाही. म्हणून तूर्त ही प्रार्थना थांबव. संघात, सगळ्यांबरोबर कर. त्याला काय वाटेल याची काळजी करू नकोस. खरा असेल तर समजून घेईल.

आणि हे कोणाला सांगू नकोस असं तो म्हणाला, तेही मला पसंत नाही. आपल्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं सगळ्या मंडळीसमोर वाचतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात, ते उगाच नाही. जे जोडणं देवाचं आहे ते चारचौघांत बोलायला घाबरत नाही. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना पत्रात लिहितो की सगळ्याची पारख करा, आणि हे त्याने भविष्यवाणीचा धिक्कार करू नका म्हटल्यावर लगेच लिहिलंय. तेव्हा त्या मुलाच्या बोलण्याची पारख केलीस म्हणजे तुझा विश्वास कमी पडला असं होत नाही.

मैत्री ओळखायची तर मला नेहमी योनाथान आठवतो. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता, दावीद जीफच्या रानात लपला होता. योनाथान तिथे गेला आणि देवाच्या ठायी त्याला धीर दिला. योनाथान शौलाचाच मुलगा, राजपुत्र होता. दावीद राजा झाला तर याचंच सिंहासन जाणार होतं, आणि तू राजा होशील हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मग तो आपल्या घरी परतला. दावीदाला त्याने स्वतःवर अवलंबून ठेवलं नाही. देवाला धरून राहायचं बळ देऊन तो निघाला. असा एक मित्र किंवा मैत्रीण तुला आहे का? असेल तर लग्नाचा निर्णय होईपर्यंत तिच्यापासून काही लपवू नकोस.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण सांगते. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, आणि नंतर नवऱ्याजवळ आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. टिळकांना देवाने बोलावलं होतं याबद्दल त्यांच्या स्वतःच्या मनात शंका नव्हती. तरी ते बोलावणं बायकोवर लादून तिला पाण्यात उतरवलं, असं त्यांनी केलं नाही. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या वेळेला, त्यांच्या विचाराने पटलं, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या वर्षांत त्या बाईने जे सोसलं ते थोडं नव्हतं, ते मी गोड करून सांगणार नाही. पण त्यांचा विश्वास पुढे टिळकांच्या पश्चातही उभा राहिला, कारण तो त्यांचा स्वतःचा होता.

माझ्या सल्ल्यालाही हेच लागू कर. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक आईच्या ठिकाणी होत्या. पण जे बायबलच्या वचनात सापडत नाही ते केवळ मोठ्यांनी सांगितलं म्हणून मानायला रमाबाई तयार नव्हत्या. त्यांनी पत्रांतून खूप वाद घातला, आणि नातं तरीही टिकलं. तुला माझं एखादं म्हणणं पटलं नाही तर तसंच खडसावून लिही.

घरच्यांबद्दलही बोलायला हवं. तुझ्या काकांनी त्याचं आडनाव ऐकल्याबरोबर 'प्रभूची इच्छा दिसत नाही' म्हटलं. ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या तरी स्थळ बघताना पणजोबाची जात आठवते, आणि तिच्यावर प्रभूचं नाव टाकलं जातं. याचा मला मनापासून राग येतो. मुलगा तुझ्यावर देवाचं नाव घेऊन दबाव टाकतोय, काकाही तेच करतायत. दोघांचं म्हणणं बाजूला ठेवून विचार कर.

आता करायचं काय? त्याला रविवारी, माणसं आसपास असताना सांग: 'तुला जे वाटलं ते तू सांगितलंस. मला तसं काही कळलेलं नाही. मला निदान सहा महिने हवेत, आणि मी हे आईशी आणि पाळकबाईंशी बोलणार आहे.' यापेक्षा जास्त समजावत बसू नकोस. मग तो काय करतो ते बघ. थांबला, तुझ्याशी पूर्वीसारखाच आदराने वागला, तर सहा महिन्यांनी आपण पुन्हा बोलू. रुसला, वचनं पाठवून घाबरवू लागला, 'देवाची आज्ञा मोडतेस' म्हणाला, तर उत्तर तिथेच मिळालं. मग सहा महिनेही थांबू नकोस.

आईला मात्र रविवारच्या आधी सांग. तिला हे दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. आणि तो काय म्हणाला ते मला सोमवारी फोन करून सांग, मी दुपारनंतर घरीच आहे.

तुझी,
मावशी