लॉख नेसवर उतरलेलं वेलिंग्टन

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

दोन इंजिनांच्या विमानावर तुझं शिक्षण सुरू झालं, वाचून बरं वाटलं. ‘एक गेलं तरी दुसरं आहेच’ हे मात्र डोक्यातून काढून टाक. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा फेदर झाला नाही, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला धार करून वळली नाहीत, तर तोच ब्रेकसारखा ओढत राहतो आणि उंची भराभर घटते.

31 डिसेंबर 1940 रोजी स्कॉटलंडच्या लॉसीमाउथ तळावरून एक वेलिंग्टन बॉम्बर दिशादर्शनाच्या सरावाला निघालं. नाव ‘आर फॉर रॉबर्ट’. त्याच्या वर्षभर आधी, उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँडच्या लढाईत 22 पैकी 12 वेलिंग्टन पडली, त्यातून हे परत आलेलं. लढाईत वापरून झालेली विमानं शिकाऊ पोरांना द्यायची, अशी तेव्हाची रीतच होती. (ब्रिटिश बॉम्बर दलाची पाच हजारांहून जास्त माणसं नुसत्या प्रशिक्षणात गेली. शत्रूचं तोंडही न बघता.)

विमान स्क्वाड्रन लीडर मारवुड-एल्टन यांच्या हाती होतं. डोंगरांवर हिमवादळानं गाठलं आणि उजवं इंजिन बंद पडलं. उंची हाताशी होती तोवरच त्यांनी बाकीच्यांना उड्या मारायला सांगितलं. सहा जणांनी उड्या मारल्या. मग ढगात फट पडली, खाली लांबलचक पाणी दिसलं, आणि त्यांनी सहवैमानिकासह विमान लॉख नेस या तळ्यावर उतरवलं. रबरी होडीतून दोघं काठाला लागले.

मागच्या गनरचं पॅराशूट मात्र नीट उघडलं नाही. तो गेला.

म्हणजे आत थांबलेले दोघं वाचले, आणि गेला तो उडी मारलेल्यांपैकी. तू म्हणशील, सगळ्यांनाच आत ठेवलं असतं तर? अरे, पाणी दिसलं ते उड्या झाल्यावर! त्याआधी खाली डोंगर होते आणि समोर नुसतं बर्फ. मला विचारशील तर हुकूम बरोबर होता, आणि तरीही माणूस गेला. अपघाताचे अहवाल वाचशील तेव्हा शेवटचं पान झाकून ठेव. आपण काय केलं असतं ते आधी कागदावर लिही, मगच पान उलट.

ते विमान 1976 मध्ये तळ्यातल्या राक्षसाच्या शोधात सापडलं (राक्षस काही मिळाला नाही!), 1985 मध्ये वर काढलं. जिथं बांधलं त्या इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सलाच संग्रहालयात आहे.

पुढच्या सरावाआधी उड्डाणपूर्व ब्रीफिंग लिहून पाठव. इंजिन गेल्यावर कोण काय बोलणार आणि किती उंचीला निर्णय घेणार, दोन्ही त्यात हवं.

तुझा,
काका