नवी की बनवू नकोस

हे बघ,

काल रात्री उशिरा तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. मागे सोर्सट्रीचा, म्हणजे गिटची कामं माऊसने करून देणाऱ्या ॲपचा, एरर; पुढे उघडं डॉट-एसएसएच फोल्डर, जिथे एसएसएच कीज राहतात, सर्व्हरला तू कोण ते पटवणाऱ्या फाइली. त्यात आयडी-आरएसए, मग आयडी-आरएसए-न्यू, मग फायनल, मग फायनल-टू. एरर नंतर वाचला, आधी ही नावं वाचली आणि जीव कळवळला. उद्या कोड पुश करायचाय, विचारायला कोणी जागं नाही, अशा वेळी माणूस हाताला सुचेल ते करत सुटतो. तेवढं समजू शकते. पण आता हात आवर. नवी की बनवू नकोस.

तू लिहिलंयस, 'गिट बॅशमध्ये चालतंय, सोर्सट्रीत चालत नाही, म्हणजे की खराब झाली असेल.' हे तुझं तूच परत वाच. गिट बॅशमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर, गिटहबने, म्हणजे आपला कोड ठेवलाय त्या सर्व्हरने, तुला तुझ्या युजरनेमसकट 'हाय' म्हटलं. की चांगली असल्याचा आणखी कुठला पुरावा हवा होता तुला?

गिट स्वतः एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित बोलायची भाषा, बोलत नाही, ते काम दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोपवतं. तुझ्या विंडोज लॅपटॉपवर असे तीन प्रोग्रॅम नांदतायत. एक गिट फॉर विंडोजबरोबर आलेला. दुसरा खुद्द विंडोजचा, सिस्टिम-थर्टीटूमधल्या ओपनएसएसएच फोल्डरातला. विंडोज टेनमध्ये तो 2018 पासून येतोय. तिसरा पुटी या वेगळ्या एसएसएच प्रोग्रॅमवाल्यांचा प्लिंक. पहिले दोघे ओपनएसएसएचच, ते तुझ्या होम फोल्डरातलं डॉट-एसएसएच बघतात. प्लिंक तिकडे फिरकतही नाही. तो पेजंटला, म्हणजे पुटीच्या कीज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारतो, आणि पेजंटला की पीपीके फाइलमध्येच, म्हणजे पुटीच्या स्वतःच्या साच्यात, लागते. तुझे कागद बरोबर आहेत, खिडकी चुकलीय. आणि तू दर नकाराला घरी जाऊन नवा दाखला काढून आणतोयस.

आता एररचं वाक्य नीट बघ. 'नो सपोर्टेड ऑथेंटिकेशन मेथड्स अव्हेलेबल.' ही पुटीची भाषा. ओपनएसएसएच असता तर 'परमिशन डिनाइड' म्हणाला असता आणि पुढे कंसात 'पब्लिक-की' लिहिलं असतं. म्हणजे सोर्सट्रीत सध्या प्लिंक बोलतोय आणि पेजंट रिकामा आहे. एवढं त्या एका ओळीत लिहिलेलं होतं रे! तू ती ओळ वाचायच्या आत की-जेन, म्हणजे नवी की बनवणारी कमांड, चालवलंस.

आणि गंमत ऐक. त्या फायनल आणि फायनल-टू तर ओपनएसएसएचनेही कधी सर्व्हरला दाखवल्या नसतील. आयडी-आरएसए, आयडी-ईडी25519 अशी ठरलेली नावंच तो आपण होऊन बघतो. बाकीच्यांसाठी कॉन्फिग फाइलमध्ये 'आयडेंटिटी-फाइल' लिहावं लागतं किंवा की एजंटमध्ये, म्हणजे कीज हाताशी धरून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, भरावी लागते. बरं, कंटाळून तू सगळ्याच एजंटमध्ये भरल्या असत्यास तर? ओपनएसएसएच सर्व्हर मुळात एका कनेक्शनमध्ये सहाच प्रयत्न करू देतो. खरी की सातवी असली तर तिची पाळी यायच्या आधीच 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' म्हणून दार बंद. म्हणून म्हणते, नवी की बनवू नकोस.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. सोर्सट्रीत टूल्स, ऑप्शन्स, जनरल. तिथे एसएसएच क्लायंट म्हणून ओपनएसएसएच निवड आणि तुझ्या जुन्या, पहिल्या कीचा पाथ दे. प्लिंकच ठेवायचा असेल तर तीच की पुटीजेन या पुटीच्याच की बनवायच्या प्रोग्रॅममध्ये लोड कर, 'सेव्ह प्रायव्हेट की' म्हण आणि ती पीपीके पेजंटला दे. फक्त फाइलचा साचा बदलतो, की तीच राहते, गिटहबवर काहीही बदलावं लागत नाही. 2021 मध्ये पुटी 0.75 आलं तेव्हा पीपीकेची तिसरी आवृत्ती आली. जुना पेजंट ती वाचत नाही. तसं झालं तर पुटीजेनमध्ये सेव्ह करताना दुसरी आवृत्ती निवडता येते. तेव्हाही की बदलायची नाही, फाइल बदलायची.

कीला पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, असेल तर एजंट चालू हवा. विंडोजची एजंट सर्व्हिस मुळात बंद असते, आणि गिटबरोबर आलेला एसएसएच तिच्याशी बोलतच नाही. त्यामुळे गिटच्या सेटिंगमध्ये कोअर-डॉट-एसएसएच-कमांडला विंडोजच्या एसएसएचचा पाथ द्यावा लागतो. आणि हो, रिमोटचा, म्हणजे सर्व्हरवरच्या कोडचा, पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर हे सगळं सोड. तिथे एसएसएच कीला कोणी विचारतच नाही.

तुला वाटत असेल, एवढ्याशा गोष्टीवर मॅडम इतक्या का चिडतात. टीममध्ये मला खडूस म्हणतात तेही माहीत आहे. म्हणू देत. 2021 मध्ये ओपनएसएसएच 8.8 ने एसएचए-वन ही कमकुवत ठरलेली पद्धत वापरणारी जुनी आरएसए सही (आरएसए हा कीचा प्रकार, सही म्हणजे की आपल्याकडे असल्याचा पुरावा) बंद केली, पुढच्या वर्षी गिटहबनेही तिला लगाम घातला, तेव्हा किती जणांनी आपल्या चांगल्या आरएसए कीज फेकून दिल्या! दोष कीचा नव्हता, जुन्या क्लायंटचा होता. तीच आरएसए की नव्या क्लायंटमध्ये एसएचए-टू या नव्या पद्धतीने सही करत होती. मी तेव्हा माझ्या टीमला की बदलू दिली नाही, सगळ्यांचे क्लायंट अपडेट करायला लावले. वेळ जास्त लागला, मॅनेजर कुरकुरला. आजही मी तेच करीन.

याच्याही आधीची गोष्ट. एका कंपनीत अख्ख्या टीमची एकच प्रायव्हेट की, म्हणजे कीच्या जोडीतली कोणालाच द्यायची नसते ती फाइल, होती, पेनड्राइव्हवरून फिरायची. का, तर एकदा कोणाचं तरी चालेना, कोणीतरी नवी बनवली, ती चालली, मग सगळ्यांनी तीच घेतली. पुढे एक जण नोकरी सोडून गेला आणि लक्षात आलं, त्याचा ॲक्सेस काढायचा तर सगळ्यांचाच काढावा लागेल. कोणीच काढला नाही. मी मीटिंगमध्ये एकदा बोलले, लोक हसले, मग मी पुन्हा विषय काढला नाही. नवीन होते, वाटलं आपल्याला काय करायचंय. ते अजून सलतं. तुझ्या फोल्डरातलं 'फायनल-टू' वाचून मला ती पेनड्राइव्ह आठवली, म्हणून हे एवढं लांबलं.

नवी की बनवायला कारणं असतात, नाही असं नाही. लॅपटॉप हरवला, प्रायव्हेट की चुकून रेपोमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या कोडमध्ये, गेली. किंवा 2024 मध्ये पुटीच्या 0.68 ते 0.80 या आवृत्त्यांत जो दोष सापडला, तसं काही: एनआयएसटी पी-521 प्रकारच्या कीच्या साठेक सह्या कोणाच्या हाती लागल्या तर त्यांवरून प्रायव्हेट की काढता येत होती. अशा कीज फेकायच्याच. या कारणांत 'चालत नाहीये' हे कारण कुठे दिसतंय का तुला?

आता काम. गिट बॅशमध्ये एसएसएच, हायफन, स्मॉल व्ही, कॅपिटल टी, पुढे गिट-ॲट-गिटहब-डॉट-कॉम चालव. 'ऑफरिंग पब्लिक की' आणि 'सर्व्हर ॲक्सेप्ट्स की' या ओळी शोध. कुठली फाइल स्वीकारली गेली ते तिथे दिसेल, सोर्सट्रीत त्याच फाइलचा पाथ द्यायचाय. आउटपुट मला टेक्स्टमध्ये पाठव, अर्धा कापलेला स्क्रीनशॉट नको. चाललं, की गिटहबच्या सेटिंगमधल्या एसएसएच कीजच्या यादीत जा. ज्यांच्यापुढे 'नेव्हर यूज्ड' लिहिलंय त्या काल रात्रीच्या, त्या काढून टाक. आणि ती पासफ्रेजची पिवळी चिठ्ठी मॉनिटरवरून आजच्या आज काढ. मी परवाच वाचलीय ती.