मेडिकलच्या काउंटरवरची प्रसाधनं: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मेडिकलमध्ये किंवा कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये साधारण पाचशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या क्रीम, सीरम आणि मेकअपबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

फेसवॉश, नायसिनमाइड सीरम आणि सनस्क्रीन असं तिन्ही एकदम आणलं. आठवड्यात कपाळावर आणि हनुवटीवर बारीक पुरळ आलं. यातलं काय टाकून द्यायचं? स्वस्तातलं घेतलं म्हणून असं झालं का?
— एक वाचक, सांगली

टाकू काहीच नका, पण तिन्ही आजपासून थांबवा. एकदम सुरू केलेल्या तीन वस्तूंतली कोणती बाधली हे कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि दोष बहुधा किमतीचा नसतो. दोनशेच्या मॉइश्चरायझरमध्ये आणि दोन हजारांच्या मॉइश्चरायझरमध्ये काम करणारे घटक बरेचसे तेच असतात: ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, डायमेथिकोन. जास्तीचे पैसे पोत, वास, बाटली आणि जाहिरातीचे.

दोन आठवडे चेहरा आधी चालत असलेल्या सौम्य फेसवॉशने धुवा आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा, बाकी काही नको. या काळात उन्हात जाताना टोपी, ओढणी, छत्री वापरा. पुरळ बसलं की एकेक वस्तू परत आणायची. पहिला मान सनस्क्रीनचा, कारण ते रोज लागतं. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर ते सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा. काही झालं नाही तर तीन दिवस जबड्याच्या एका बाजूला, मग पूर्ण चेहऱ्याला. त्यानंतर दोन आठवडे थांबून पुढची वस्तू. सीरम सगळ्यात शेवटी, तेही आधी एक दिवसाआड. फेसवॉश मात्र असा लावून ठेवून तपासायचा नसतो. धुवायची वस्तू त्वचेवर राहिली की कुणालाही चरचरतं.

त्रास कधी आणि कसा होतो, यावरून बरंच कळतं. लावल्यावर काही मिनिटांतच जळजळ झाली, तर त्वचा आधीच सोलवटलेली असते किंवा वस्तूत ॲसिड, अल्कोहोल जास्त असतं. त्वचा सावरल्यावर तीच वस्तू पुढे चालूही शकते. एक-दोन दिवसांनी खाज सुटून लाली, सूज आली तर ती ॲलर्जी समजा. यात बहुतेकदा सुगंध किंवा प्रिझर्वेटिव्ह कारणीभूत असतं आणि ती वस्तू पुन्हा वापरून पाहायची नाही. न खाजणारे, पांढऱ्या टोकाचे बारीक दाणे तीन-चार आठवड्यांनी येऊ लागले तर रंध्रं बुजताहेत. तुमचं पुरळ फक्त कपाळावर, केसांच्या कडेला दाट असेल तर केसांचं तेल आणि कोंडा यांच्याकडेही बघा. बिचाऱ्या सीरमवर विनाकारण आळ येतो.

सनस्क्रीन लावलं की चेहरा पांढराफटक दिसतो. लोकलमध्ये घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. वरून फाउंडेशन लावलं तर बोटाखाली मळीसारख्या गोळ्या निघतात. एसपीएफ ५० सोडून ३० घेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

३० घ्यायला हरकत नाही, पण वरच्या तिन्ही तक्रारी त्याने सुटणार नाहीत. एसपीएफ ३० भाजणारे अतिनील किरण सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेले असतात. चेहरा आणि मान मिळून ते तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघांएवढं, म्हणजे साधारण एक ग्रॅम किंवा थोडं जास्त होतं. हिशेब करून बघा: ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी जेमतेम दीड महिना पुरायला हवी. चार महिने पुरत असेल तर पाकिटावरचा आकडा तुमच्या चेहऱ्यावर नाही. म्हणून आपण निम्मंच लावतो हे माहीत असलेल्याने ५० घेणं शहाणपणाचं. काळे डाग, वांग यांचा त्रास असेल तर एसपीएफपेक्षा पाकिटावरच्या ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं मोजा, ती दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांसाठी असतात. चार असतील तर उत्तम. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण ते दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतं.

पांढरेपणा झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येतो. घटकांच्या यादीत हे दोन नसलेलं, जेलसारखं सनस्क्रीन घ्या. डोळ्यांत चरचरतात ते मात्र बहुधा हे दोन सोडून इतर फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारे घटक. यावर तोडगा सोपा आहे: चेहऱ्याला जेल, आणि डोळ्यांभोवती झिंकचा पातळ थर किंवा मेणाची सनस्क्रीन स्टिक. भुवयांच्या वर जेल कमी लावा, घाम तिथूनच उतरतो.

गोळ्या निघण्याचं कारण थरांची गर्दी. सीरममधला दाट करणारा गोंद, मॉइश्चरायझरमधलं सिलिकॉन, त्यावर सनस्क्रीन आणि त्यावर पाण्याचं फाउंडेशन, हे एकमेकांवर टिकत नाहीत. सकाळचं सीरम रात्रीवर ढकला. दमट हवेत तेलकट त्वचेला सनस्क्रीनखाली वेगळं मॉइश्चरायझर लागतही नाही. सनस्क्रीन दोन हप्त्यांत लावा, दहा मिनिटं जाऊ द्या (डबा भरून होतो तेवढ्यात), आणि फाउंडेशन चोळू नका, ओल्या स्पंजने टिपत जा. फाउंडेशनवरचा एसपीएफ हिशेबात धरू नका. तेवढं फाउंडेशन कुणी लावत नाही, लावूही नये.

दिवसभर खिडकीपासून लांब बसत असाल तर परत लावायची घाई नाही. बाहेर फिरतीचं काम असेल तर दर दोन तासांनी, घाम टिपून.

मेडिकलवाल्यांनी डागांसाठी एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. चार महिने लावली. बंद केली की लाल होतो, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढली आहे. पुन्हा लावली की बरं वाटतं.
— एक वाचक, नांदेड

हे सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. काउंटरवर ‘डागांची क्रीम’ म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या एका मिश्रणात २ टक्के हायड्रोक्विनोन, ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन आणि ०.१ टक्का मोमेटासोन असतं. वांगावर त्वचारोगतज्ज्ञ ते काही आठवड्यांसाठी, नजरेखाली देतात. चार महिने मनाने लावायची ती वस्तू नव्हे.

स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं आणि दाह दाबून ठेवतं, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, लव वाढते. बंद केल्यावर दाबलेलं सगळं उसळून वर येतं आणि माणूस घाबरून पुन्हा ट्यूब उघडतो. तुम्ही नेमक्या याच फेऱ्यात आहात. हे इतकं पसरलं की २०१८मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमांचा ‘शेड्यूल एच’मध्ये समावेश केला, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. विकली जातात, हा भाग वेगळा.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना ट्यूब बरोबर न्या. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तिथे केसपेपरच्या पैशांत काम होईल. औषध एकदम थांबवायचं की सौम्य स्टेरॉइडवर आणून कमी करत न्यायचं, हे तेच ठरवतील. तोवर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा आणि उन्हापासून जपा. ब्लीच, फेशियल, स्क्रब, लिंबू, मुलतानी माती सगळं बंद. पुन्हा लाली उसळेल, काही आठवडे चेहरा वाईट दिसेल. तेवढ्यात मैत्रिणीने सुचवलेली दुसरी ट्यूब घेऊ नका.

आठवडी बाजारात मिळणारी, बाहेरच्या देशातली म्हणून विकतात ती गोरं करणारी क्रीम चालेल का? डबीवर फक्त फुलांचं चित्र आहे.
— एक वाचक, वाशीम

नाही. अशा क्रीममध्ये पारा असण्याची शक्यता असते. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे डोळ्यांची प्रसाधनं सोडून इतरांत, तोही नकळत आलेला, पारा दहा लाखांत एक भागाहून जास्त चालत नाही. तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांवर घाला घालतो. २०२३मध्ये अकोल्याच्या एका प्रकरणात अशाच क्रीममुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघडकीला आलं होतं. आधीच वापरली असेल तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. इथे बनलेल्या वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत हवी. आयात वस्तूवर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक. यातलं काही नसेल तर डबी फुकटसुद्धा घेऊ नका.

आईला वर्षानुवर्षं टिकली लावायची सवय. आता त्याच जागी पांढरा गोल डाग पडलाय. क्रीम कोणतं लावावं?
— एक वाचक, कोल्हापूर

आधी टिकली बंद, क्रीम नंतर. टिकलीमागच्या काही डिंकांमध्ये पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल असतं. ते रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारतं, म्हणून डाग नेमका टिकलीच्या आकाराचा दिसतो. टिकली बोटभर वर सरकवून लावणं हा उपाय नाही. तिथे दुसरा डाग पडेल. कोडाशी याचं साम्य असतं, त्यामुळे एकदा तज्ज्ञांना दाखवाच. डिंक लवकर थांबवला तर रंग परत येऊ शकतो, मात्र महिने लागतात. कपाळ मोकळं ठेवणं आईंना रुचत नसेल तर डागाला न चिकटणारं काहीतरी, उदाहरणार्थ आयलायनर पेन्सिलने काढलेला ठिपका, आधी हातावर आठवडाभर तपासून. बाजारातल्या रंगीत कुंकवानेही काहींना खाज सुटते आणि कपाळ काळवंडतं, म्हणून तेही तपासल्याशिवाय नको.

नायसिनमाइड सीरम १० टक्के लिहिलेलं घ्यावं की ५? दाढी केल्यावर लावलं तर आग होते.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नायसिनमाइडचे बहुतेक अभ्यास २ ते ५ टक्क्यांवरच झालेले आहेत. १० टक्क्यांनी काम दुप्पट होत नाही, लाली मात्र येऊ शकते. मुरुमांसाठीच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडचंही तसंच: २.५ टक्के जेल ५ आणि १० इतकीच उपयोगी, जळजळ कमी. (टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरेच वापरा, ते रंग उडवतं.) २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरे, आणि ज्या सकाळी दाढी करायची त्याच्या आदल्या रात्री नको.

पाकिटाच्या समोरच्या बाजूपेक्षा मागची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्वेटिव्ह जास्तीत जास्त १ टक्का घालता येतं, तेव्हा यादीत त्याच्या नंतर आलेला केशर, हळद किंवा कोरफडीचा अर्क एक टक्क्याहून कमीच असणार.

स्वस्तातलं फाउंडेशन दुकानात जुळतं, घरी आल्यावर चेहरा राखाडी आणि मान वेगळी.
— एक वाचक, पणजी

शेड हातावर बघू नका. जबड्यापासून मानेवर उतरणारे तीन पट्टे ओढा, दुकानाच्या दाराशी उजेडात या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. द्रव उडून जातो, रंगात त्वचेचं तेल मिसळतं आणि शेड गडद होते. हे झाल्यावर जो पट्टा दिसेनासा होईल तो तुमचा. राखाडीपणा येतो तो फिकट शेडमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा. स्वस्त मालिकांत सावळ्या त्वचेसाठी शेड मोजक्याच असतात, तेव्हा फिकट घेण्यापेक्षा अर्धी शेड गडद घ्या आणि मटाराएवढं फाउंडेशन तेवढ्याच मॉइश्चरायझरमध्ये मिसळा. डोळ्यांखालच्या काळेपणावर थेट फिकट कन्सीलर लावला तरी राखच दिसते. आधी नारिंगी करेक्टर तांदळाच्या दाण्याएवढा टिपून घ्या. वरून कॉम्पॅक्ट फक्त नाक, कपाळ आणि हनुवटीवर.

व्हिटॅमिन सी सीरम तपकिरी झालं. मस्काराही सुकलाय. किती दिवस चालतात?
— एक वाचक, नाशिक

एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडचं, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सीचं सीरम फिकट पिवळं असेपर्यंत चालेल. गडद नारिंगी किंवा तपकिरी झालं की ते निकामी झालेलं असतं, टाकून द्या. पुढच्या वेळी छोटी, गडद काचेची बाटली घ्या. पाकिटावरच्या उघड्या झाकणाच्या डबीच्या चित्रात १२ लिहिलेलं असेल तर वस्तू उघडल्यापासून बारा महिने. ट्यूबवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. मस्कारा तीन महिन्यांनी बदला, आणि सुकलेल्यात पाणी किंवा गुलाबपाणी घालू नका: प्रिझर्वेटिव्ह पातळ होतं आणि जंतू डोळ्यापर्यंत पोचतात.